जुन्या गाडीचं इंजिन फक्त वेगात आणि चढावर तापतंय, ब्लॉकमधला गाळ कसा काढू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, दोन महिने या एकाच गोष्टीच्या मागे आहे आणि आता जाणकारांची मदत हवीच आहे. गाडी १९६४ ची, चार सिलिंडर, कार्ब्युरेटर, पॉइंटवाली, ब्लॉक बिडाचा पण हेड ॲल्युमिनियमचं, पंखा बेल्टवरचाच. वडिलांची गाडी आहे, मी पहिल्यांदा स्टिअरिंग हातात धरलं ते हिचंच, त्यामुळे इंजिन बदलून टाक हा सल्ला कृपया देऊ नका.

तर होतंय असं की गाडी उभी असताना किंवा गर्दीत हळूहळू चालताना काटा मधोमध, अगदी शांत. ताशी ७० च्या वर वीसेक मिनिटं चालवली की काटा वर सरकायला लागतो आणि त्यात चढ आला तर पाच मिनिटांत लाल. बाजूला घेऊन इंजिन आयडलला ठेवलं की आपोआप खाली येतो. उभ्या गाडीत तापली असती तर पंखा, बेल्ट, श्राउड (पंख्याभोवतीचं कव्हर) बघितलं असतं, पण ताशी ७० ला समोरून भरपूर हवा येते, म्हणजे प्रश्न हवेचा नाही, पाणी फिरण्याचा आहे असं धरून चाललोय. इथे चुकत असेन तर आधी हेच सांगा.

काय काय बघून झालं ते लिहितो म्हणजे तेच परत सांगायला नको. थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडून ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून पाण्यात गरम करून बघितला, ८२ अंशाला उघडायला लागतो आणि पुढे नीट पूर्ण उघडतो. तो काढून तसंच चालव असं दोघांनी सांगितलं पण मी परत बसवला, कारण त्याशिवाय इंजिन थंडच चालत राहतं आणि झिजतं. रेडिएटरचं झाकण नवीन, मूळचं होतं तसंच ७ पीएसआय दाबाचं. काटाच चुकीचा दाखवतोय का म्हणून इन्फ्रारेड थर्मामीटर आणला, काटा लाल असताना थर्मोस्टॅटच्या घरावर १०४ आलं, म्हणजे तापतंय ते खरंच. ७ पीएसआयच्या दाबाखाली साधं पाणीही साधारण १११ ला उकळतं, त्यामुळे अजून उकळून बाहेर आलेलं नाही एवढंच. हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधलं सील) गेल्याची भीती होती, पण ऑइल स्वच्छ आहे, पांढरा धूर नाही, रेडिएटरच्या तोंडावर निळ्या लिक्विडची गॅस टेस्ट दोनदा केली (पाण्यात जळालेला गॅस येत असेल तर रंग बदलतो), रंग निळाच राहिला. टायमिंग लाइट लावून बघितलं, इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे नाहीये, ती वेळ पुढे सरकवणाऱ्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा डायफ्रामही धरतोय. रेडिएटर उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घेतला.

मग एक दिवस बॉनेट उघडं ठेवून कोणालातरी ॲक्सिलरेटर दाबायला बसवलं आणि बघतो तर ३००० आरपीएमच्या आसपास खालचा होज पाइप चपटा होतोय! पंप तिथूनच पाणी ओढतो, म्हणून जुन्या पाइपात आत स्प्रिंग असायची, नवीन पाइप टाकताना ती काढून फेकली गेली होती. स्प्रिंग टाकली आणि सपाट रस्त्यावरचा त्रास गेला. मला इतका आनंद झाला की त्याच दिवशी चढावर घेऊन गेलो, आणि तिथे परत लाल, पूर्वीपेक्षा थोडं उशिरा एवढाच फरक.

आता खरा प्रश्न. चढावरून थांबून ब्लॉकवर थर्मामीटर फिरवला तर पुढच्या तीन सिलिंडरजवळ आकडे साधारण सारखे आणि चौथ्याजवळ, म्हणजे फायरवॉलच्या बाजूला, १५ अंश जास्त. ब्लॉकचा ड्रेन कॉक तिथेच मागे आहे. तो पूर्ण उघडला तर एक थेंबही आला नाही, कॉक काढून भोकात तार घातली तेव्हा आधी लालसर चिखल आणि मग कुठे बारीक धार लागली. म्हणजे इतकी वर्षं रेडिएटर रिकामा करून पाणी बदललं पण ब्लॉकमधलं कधी निघालंच नव्हतं, आणि ६० वर्षांचा गंज आणि गाळ चौथ्या सिलिंडरभोवती बसलाय.

ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांना विचारायचंय. बाजूचे कोअर प्लग (ब्लॉकच्या भोकांवरची पत्र्याची बुचं) काढून तार आणि पाण्याचा जोर लावून हे साफ होतं का, की हेड उतरवावंच लागतं? हेड उतरवायला जीव धजत नाही, ॲल्युमिनियमचं आहे, स्टड गंजून अडकलेले असणार आणि जबरदस्तीत हेड गेलं तर दुसरं मिळायचं नाही. दुसरं म्हणजे सायट्रिक ॲसिड, गंजावर चांगलं काम करतं हे माहीत आहे पण या हेडला किती सोसेल, पाण्यात किती प्रमाण आणि किती वेळ ठेवता तुम्ही? माझा विचार असा आहे की आधी हाताने जेवढा निघेल तेवढा गाळ काढायचा आणि ॲसिड अगदी शेवटी, नाहीतर सुटलेला सगळा कचरा नुकत्याच साफ केलेल्या रेडिएटरमध्ये जाऊन बसेल. तोपर्यंत वरच्या होजमध्ये जाळी लावून चालवायची कल्पना कशी वाटते?

अपडेट: आज मागचा कोअर प्लग काढला. आत बोट घातलं तर एक पेर सुद्धा जात नाही, घट्ट मातीसारखं भरलंय. स्क्रूड्रायव्हरने खरवडून वाटीभर काढलं, पण सिलिंडरच्या पलीकडच्या बाजूला, जिथे प्लग नाही, तिथे पोचताच येत नाहीये. वाकवलेली क्लच केबल ड्रिलला लावून फिरवली तर चालेल का, की आतल्या भिंतीला इजा होईल? गाडी तशीच उघडी ठेवली आहे, उत्तर आल्याशिवाय पुढे हात लावत नाही.