तालमीतलं ७८ आणि आपलं ७८
भावा, उंची ५ फूट ६ इंच, वजन ७८ किलो आणि ॲप बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) बघून म्हणतंय ७० वर आलास की झालं. ॲपचा गुणाकार बरोबर आहे, पट्टी आपली नाही. उंची मीटरमध्ये घे, १.६८. वर्ग २.८२. त्याला २५ नं, म्हणजे ॲपच्या बीएमआयच्या वरच्या हद्दीनं, गुणलं की साधारण ७० किलो. पण आपल्या लोकांत कमी वजनालाही पोटावर चरबी साठते, मधुमेह लवकर गाठतो, म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या आतच बरा मानतात. म्हणजे तुझं ६५ च्या आत. (तांबड्या-पांढऱ्याचं काय करायचं ते तुझं तू बघ, मी रविवार सोडलेला नाही.)

आता कुणी म्हणेल, कोल्हापूरच्या गंगावेश तालमीतला पैलवान याच उंचीचा नि ७८ किलोचा, तो काय लठ्ठ? नव्हे. बीएमआयच्या आकड्याला स्नायू आणि चरबीतला फरक कळत नाही. म्हणून टेप घेऊन कंबर मोज. पुरुषाची ९० सेंटीमीटरच्या वर, बाईची ८० च्या वर गेली, तर काट्यावर काहीही दिसो, पोट कमी करायलाच हवं. आणि एकदम १३ किलोचा ध्यास घेऊ नकोस. रंकाळ्याला रोज फेरी सुरू कर, आधी चार किलो उतरव, मग पुढचं बघू.