उत्तर: ऑक्टोबर हीटमध्ये दही-ताक वाढवावं का?

'ऑक्टोबर हीट म्हणजे दुसरा उन्हाळाच, तेव्हा मे महिन्यासारखंच दही-ताक वाढवा' हा सल्ला पटला नाही. अंगाची काहिली सारखी वाटली तरी आयुर्वेदात हा शरद ऋतू. पावसाळ्यात साठलेलं पित्त या उन्हाने उसळतं, म्हणून 'अष्टांगहृदय' हा आयुर्वेदाचा ग्रंथ लिहिणाऱ्या वाग्भटांनी शरदात दही, तेल, ऊन, दिवसाची झोप आणि तडस लागेपर्यंतचं जेवण वर्ज्य सांगितलंय. दही थंड लागतं, पण आंबट असल्याने पित्त वाढवतं. त्याऐवजी मुगाचं पातळ वरण, पडवळ, दुधी, कारलं, आवळा आणि चमचाभर साजूक तूप. कोजागरीचं दूध ऋतूला धरूनच आहे, फक्त सोबतची भजी नकोत!

राहिला प्रश्न बदल कधी करायचा याचा. जुन्या ऋतूचे शेवटचे 7 आणि नव्याचे पहिले 7 दिवस हा ऋतुसंधी, आणि त्यात सवय पाव-पाव भागाने सोडायची. रोज वाटीभर दही खाणाऱ्याने आधी पाऊण वाटी, दोन-तीन दिवसांनी अर्धी, मग पाव, मग बंद. एका रात्रीत सगळं बदललं की पोट बिघडतं आणि लोक ऋतुचर्येलाच (ऋतूनुसार खाणंपिणं-वागणं बदलण्याला) नावं ठेवतात. मुंबईत पंचाईत अशी की पाऊस ऑक्टोबरातही रेंगाळतो. अशा वेळी कॅलेंडर बघू नका. चार-पाच दिवस सलग कडक ऊन पडलं की ऋतुसंधीचे दिवस मोजायला सुरुवात करा. मधेच दोन दिवस झोडपून पाऊस आला तर आहे त्याच पायरीवर थांबा आणि पाणी उकळून कोमट प्या.