मदत हवी आहे: मेकॅनिकल फ्रेशर, सतत रिजेक्शन, आता अप्रेंटिसशिप घेऊ का ऑपरेटरचं काम?

बीई मेकॅनिकल, 2024 पासआउट, क्वालिटीत (मालाची तपासणी करणाऱ्या विभागात) जायचंय. चाकण, भोसरी, रांजणगाव सगळीकडे वॉक-इन झाले, ऑनलाइन अप्लाय रोज चालूच आहे, रेझ्युमे सिनिअरकडून नीट करून घेतला, तरी गाडी "शॉप फ्लोअरचा एक्सपिरीयन्स आहे का" इथेच अडते. व्हर्निअर, मायक्रोमीटर ही मापाची साधनं वापरता येतात, ड्रॉइंग रीडिंग येतं. शिफ्ट चालेल, पैसे भरून कोर्स नको, पैसे मागणारी कन्सल्टन्सी तर नकोच (तसले फोन रोज येतात). शोध सोडणार नाहीये, पण आता नॅट्समधून (केंद्र सरकारची अप्रेंटिसशिप योजना) एक वर्षाची ग्रॅज्युएट अप्रेंटिसशिप मिळतीये, स्टायपेंडमध्ये रूमभाडं अन् मेस कसंबसं निघेल, आणि दुसरीकडे कॉन्ट्रॅक्टवर सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा) ऑपरेटर, पगार थोडा जास्त. क्वालिटीत हायरिंग करणाऱ्यांनी प्लीज सांगा, यातला कुठला अनुभव तुम्ही धरता आणि ऑपरेटरचा शिक्का बसला की इन्स्पेक्शनला घेतात का?