प्रतिसाद : ओळखी गळतात की आपण गाळतो?
म्हातारपणी ओळखी कमी होणं म्हणजेच एकटेपण, असं मूळ लेखात म्हटलंय. मला नाही पटत. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांच्या मांडणीनुसार, पुढचा काळ थोडा उरलाय हे जाणवलं की माणूस वरवरच्या ओळखी आपणच गाळतो, जिवाभावाच्या ठेवतो.

गोव्यात फोंड्याला आमच्या बाबांचं तेच. लग्नं-मुंजी बंद, पण साडेपाचला सोप्यावर दोन खुर्च्या आणि शेजारचे काका. बोलणं काय, तर नुस्त्याचा (मासळीचा) भाव, नाहीतर काहीच नाही. काका पावसात आठ दिवस मुलीकडे मडगावला गेले, तर दुसरी खुर्ची भिजली तरी बाबा आत घेऊ देईनात!

भीती वेगळीच आहे. दोघांतला एक गेला तर? म्हणून हल्ली बाबांना देवळात भजनाला सोडतो. कुरकुरतात, पण टाळ घेऊन बसतात.