वर्णभेदावरचे भयपट: तुम्ही नक्की कुठे घाबरलात?

'गेट आऊट'वरून घरात वाद झाला म्हणून धागा काढतेय. नवरा म्हणतो एक भूत नाही, कसला भयपट. मी तो 2017 ला न्यू जर्सीत थेटरात पाहिला, निम्म्याच्या वर प्रेक्षक कृष्णवर्णीय. कृष्णवर्णीय क्रिस गोऱ्या मैत्रिणीच्या घरी जातो, आणि शेवटी तिच्या घरच्यांपासून जीव वाचवून रस्त्यावर येतो, गोरी मैत्रीण रक्तात पडलेली, हा तिच्यावर वाकलेला आणि लांबून लाल-निळे दिवे येतात. एरवी पोलीस आले की हुश्श होतं ना, इथे अख्खं थेटर कण्हलं. मग गाडीचं दार उघडतं, त्यावर 'एअरपोर्ट' लिहिलेलं, आतून मित्र उतरतो, आणि काय टाळ्या पडल्या! दिग्दर्शक जॉर्डन पीलने आधी खरे पोलीस येतात आणि क्रिस तुरुंगात जातो असा शेवट शूट केला होता म्हणे. तुमचेही अनुभव लिहा, रसभंग होणार हे धरूनच वाचा.

—

मी ठाण्यात लॅपटॉपवर पाहिला होता, दिवे दिसल्यावर मला तर हायसंच वाटलं, सुटला बिचारा. पुढे अमेरिकेत शिकायला आल्यावर लॅबमधल्या कृष्णवर्णीय मित्राबरोबर परत पाहिला, तर तो लॉनवरच्या पार्टीपासूनच चुळबुळ करायला लागला. तिथे कोणी वाईट बोलत नाही हो, सगळे गोडच. एक बाई दंड चाचपते, एक म्हातारा टायगर वुड्सला ओळखतो म्हणतो, मैत्रिणीचा बाप तर पार्टीच्या आधीच ओबामाला तिसऱ्यांदाही मत दिलं असतं म्हणून सांगतो. कौतुक सगळं शरीराचं, बाजारात बैल बघावा तसं. आणि मग बिंगोची कार्डं वर करून चक्क क्रिसवर बोली लागते, एक शब्द न बोलता. मित्र म्हणाला, लिलाव सोडला तर अशा पार्ट्या मी केल्यात.

—

जुनं सोनं विसरू नका मंडळी. 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड', 1968, जॉर्ज रोमेरो, पिट्सबर्गच्या आसपास जेमतेम पैशात केलेला. ड्वेन जोन्सचा बेन उठून चालू लागलेल्या प्रेतांशी रात्रभर डोकं शांत ठेवून लढतो, घरातला एकटा तोच सकाळपर्यंत टिकतो, आणि मग शेरीफबरोबरची बंदूकवाली टोळी येते, खिडकीत काहीतरी हललं म्हणून थेट डोक्यात गोळी. सुटका करायला आलेल्यांनीच मारला. त्यानंतर पेपरात छापल्यासारखे स्थिर फोटो, त्यात हातात मांस ओढायचे लोखंडी आकडे घेतलेली माणसं आणि प्रेतांचा ढीग. लिंचिंगचे, म्हणजे जमावाने कृष्णवर्णीयांना ठार मारल्याचे, जुने फोटो ज्याने पाहिलेत त्याला वेगळं सांगायला नको. गंमत म्हणजे बेनच्या रंगाबद्दल अख्ख्या सिनेमात एक वाक्य नाही, रोमेरो म्हणायचा जोन्सची ऑडिशन सगळ्यात चांगली झाली म्हणून घेतला. पण प्रिंट घेऊन न्यूयॉर्कला जाताना गाडीतल्या रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंगच्या हत्येची बातमी लागली, आता तो शेवट साधा कसा राहणार? नाव बदलताना कॉपीराइटची ओळ राहून गेली त्यामुळे नेटवर फुकट आहे, बघाच.

—

भयपटात दचकायचं असतं राव, प्रबोधनाला बाकी सिनेमे आहेत की.

—

वरच्यांना: 1992 चा 'कँडीमॅन' बघा, दचकाल पण. मी शिकागोत राहतो. सिनेमातल्या कॅब्रिनी-ग्रीन या इथल्या सरकारी वसाहतीची शेवटची उंच इमारत 2011 मधे पाडली. बाथरूमच्या आरशामागून मारेकरी येतो हे मला फेकाफेकी वाटायचं. पण 1987 मधे इथल्याच दुसऱ्या सरकारी वसाहतीत औषधांच्या कपाटामागच्या भोकातून आत शिरून एका बाईला खरंच मारलं होतं. तिने पोलिसांना फोनही केलेला, ते आले, दार वाजवलं आणि दार न तोडताच गेले. सिनेमातली गोरी हेलन आपल्या भारी फ्लॅटमधलं कपाट काढते तर मागे तेच भोक, कारण तिची इमारतही मुळात तशीच वसाहत म्हणून बांधलेली, नंतर नटवून विकलेली. मारेकऱ्याच्या हाताचा हुक-बिक ठीक आहे, मला ते भोक जास्त लागलं.

—

'हिज हाऊस' (2020), नेटफ्लिक्सवर. दक्षिण सुदानमधून आलेलं जोडपं, इंग्लंडमधे सरकारने दिलेल्या घरातच राहायचं, नोकरी करायची नाही, आणि भिंतीत कोणीतरी आहे. त्यातली बायको रियाल रस्ता चुकते, कृष्णवर्णीय पोरं दिसतात, आपलं कोणीतरी भेटलं म्हणून ती विचारायला जाते तर तीच पोरं तिची टर उडवून आफ्रिकेत परत जा म्हणतात. मी लंडनला नवीन असताना माझ्या इंग्रजीवर हसणारे देसीच होते, त्यामुळे तिथे थांबवून पाणी प्यायले.

—

विषय थोडा सोडून. पुण्यात भाड्याची जागा बघायला गेलो, काकूंनी चहा दिला, कप बशीत ठेवता ठेवता आडनाव विचारलं, आणि मग जागा अचानक भाचीला द्यायची ठरली. 'गेट आऊट'मधे मैत्रिणीची आई कपात चमचा फिरवून संमोहन करते आणि क्रिस खाली खाली जातो, ओरडतो पण आवाज निघत नाही. मला सबटायटल लागलं नाही.

—

+१. कोणी 'सिनर्स' (2025) लिहिला नाही? मिसिसिपी, 1932. व्हॅम्पायरला निदान आत या म्हणावं लागतं. रात्र कशीबशी निभते, आणि उजाडल्यावर येतात ते क्लानवाले (कृष्णवर्णीयांना मारणारी गोऱ्यांची टोळी, कू क्लक्स क्लान), ज्याने नायकांना आरामात गप्पा मारत गिरणी विकली तोच पुढे. गाण्याच्या सीनसाठी मात्र मोठाच पडदा हवा, मोबाईलवर बघू नका प्लीज.