मदत हवी आहे: पैलवान भाऊ सोळा तास उपाशी राहतोय, पहाटेच्या मेहनतीचं काय करायचं?

नमस्कार मंडळी,

धाकटा भाऊ कोल्हापुरात तालमीत राहतो. वय २०, वजन सत्तरच्या आसपास. फ्रीस्टाईलला ६५ किलो गटात उतरायचंय म्हणून त्याने इंटरमिटंट फास्टिंग धरलंय. दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्यातच खायचं, बाकी वेळ नुसतं पाणी.

घोळ वेळेचा आहे. पहाटे उठून जोर, बैठका, दोर, मग लढती. ते आटपल्यावर बाकीची पोरं थंडाई घोटायला बसतात आणि हा बारापर्यंत कोरडा. वस्ताद भयंकर चिडलेत. वजन उतरतंय हे खरं, पण मी स्वतः सराव बघितला. पहिली तीन मिनिटं झकास. तीस सेकंदांच्या विश्रांतीनंतर दुसऱ्या फेरीत त्याने पट काढला, समोरच्याचा पाय हातात आला आणि बोटं सुटली. पुन्हा तेच. याच्या पकडीतून पाय सोडवणं एरवी कुणाला जमत नाही हो!

तो मला इटलीतल्या २०१६ च्या अभ्यासाचा दाखला देतो. व्यायामाची सवय असलेल्या ३४ पुरुषांपैकी निम्म्यांनी आठ आठवडे १६:८ (सोळा तास उपास, आठ तासांत खाणं) पाळलं, त्यांची चरबी घटली, ताकद टिकली. बरोबर आहे, पण ती माणसं दुपारी एक, चार आणि रात्री आठला जेवायची, आणि व्यायाम चार ते सहामध्ये. म्हणजे मेहनतीच्या आधीही पोटात अन्न, नंतरही. शिवाय त्यांचं टेस्टोस्टेरॉन कमी झालं होतं, ते हा सांगत नाही. रमजानमध्ये ज्युदोपटूंवर झालेल्या अभ्यासातही कामगिरी फारशी ढासळली नाही, पण थकवा जास्त जाणवला.

दुसरा दाखला पैलवान अमन सेहरावतचा. पॅरिस ऑलिंपिकला रातोरात ४.६ किलो उतरवून ५७ किलोत कांस्य आणलं. अरे, पण त्याच पॅरिसमध्ये विनेश फोगाट १०० ग्रॅम वजन जास्त भरलं म्हणून बाद झाली, आणि दोघांमागेही जाणकारांची फौज होती. याच्यामागे मोबाईलमधलं अ‍ॅप आहे.

मला विचारायचंय ते असं. खाण्याची वेळ सकाळी आठ ते चार केली, तर पहाटेनंतरचा खुराक सांभाळला जाईल, पण संध्याकाळच्या सरावानंतर रात्रभर उपास, ते चालेल का? की हे सगळं सोडून रोजचं खाणं थोडं कमी करत आठवड्याला अर्धा किलो उतरवणं बरं? सकाळी वजन देऊन त्याच दिवशी लढायचं असतं, तर मधल्या वेळात काय खाता?

कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग खेळणाऱ्यांनी स्वतःचा अनुभव लिहा. कोल्हापूर-सांगलीकडे पैलवानांचा आहार समजणारे आहारतज्ज्ञ असतील तर तेही सांगा. प्लास्टिकचे कपडे घालून घाम काढायचे उपाय मात्र कृपया नकोत. १९९७ मध्ये अमेरिकेत कॉलेजचे तीन पैलवान तसं वजन उतरवताना दगावलेत.

निवड चाचणीला अजून वेळ आहे. वस्तादांशी बोलायला मी याच आठवड्यात जाणार आहे, त्याआधी काही कळलं तर फार बरं होईल.