मदत हवी आहे: कानातली शिट्टी आणि मेंदूतली जोडणी

दीड वर्षापासून डाव्या कानात बारीक शिट्टी वाजतेय. दिवसा जाणवत नाही. रात्री दिवा मालवून उशीला कान टेकवला की सुरू! ऑडिओग्राममध्ये (श्रवणचाचणीच्या आलेखात) ४००० हर्ट्झच्या पुढे, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांसाठी, ऐकण्यात घसरण दिसली, तेवढं कळलं. पण वाचनात आलं की अशी शिट्टी ऐकू येणाऱ्या काहींच्या मेंदूत श्रवण कॉर्टेक्सची (आवाज समजून घेणाऱ्या भागाची) अमिग्डालाशी (भीती-भावनांशी संबंधित भागाशी), डिफॉल्ट मोड नेटवर्कशी (आपण काही विशेष करत नसताना सक्रिय असणाऱ्या भागांच्या जाळ्याशी) असलेली जोडणीही बदललेली आढळते. मग या बदलामुळे आवाज येतो, की आवाजाला वैतागून मेंदू बदलतो? आणि ही जोडणी मोजायला वापरतात त्या एफएमआरआय (मेंदूचे कोणते भाग कधी सक्रिय होतात ते दाखवणारा एमआरआय) मशीनचाच एवढा खडखडाट (माझ्या एमआरआयच्या वेळी इअरप्लग घालूनही कान किटले होते), त्यात ‘विश्रांतीतली’ (काहीही न करता नुसतं पडून असतानाची) जोडणी मोजतात तरी कशी? सीबीटीने (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराने) आवाज तसाच राहूनही त्रास कमी होतो म्हणतात. तेव्हा नेमकं काय बदलतं? या विषयातलं कुणी आहे का इथे? जरा सोप्या भाषेत सांगाल?